खळ्यातले तांडेल

आमचे बाबा रोज सकाळी दिवस शोधायला पुळणीवर जात. भरती उतरली की खांद्यावर जुना पंचा टाकून, लाटांनी मागे सोडलेल्या ओल्या वाळूवरून खाली मान घालून चालायचे. मध्येच वाकून काहीतरी उचलायचे, धोतराला पुसायचे आणि चक्क तोंडात घालून बघायचे. तोंडात गेलं की थुंकून लांब फेकून द्यायचे, नाही गेलं तर पंच्यात बांधायचे. रापणीचं लांबलचक जाळं ओढणारी माणसं मुद्दाम विचारायची, "काय तांडेल, मासे गावले?" बाबा पंच्याची गाठोडी वर धरून सांगायचे, "मासे नाय रे, आजचो दिवस गावलो." म्हातारा गोटे खायला लागला, असं काही दिवस गावात बोललं जात होतं. खरी गोष्ट अशी की माझी सव्वा वर्षाची कुंदा मिळेल ती वस्तू तोंडात घालायची. "जां माझ्या तोंडात जाता, तां तिच्या हातात नको," हा बाबांचा नियम. बाबा म्हणजे माझे सासरे. एक मोठा शंख, मुठीत न मावणारे दोन गोटे आणि कुणाच्या तरी जाळ्यातून सुटलेला लाकडी ठोकळा, एवढ्या भांडवलावर त्यांना नातीला संध्याकाळपर्यंत खेळतं ठेवायचं असे.

गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य माणूस, आणि बाबांनी उभं आयुष्य मलबारची कौलं नि काठेवाडचं मीठ वाहण्यात घालवलं होतं. उंच, काळेसावळे, आणि आवाज असा की बंदरात बोलले तर देवळाच्या पायरीवर ऐकू यावं. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, गलबतं काठावर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात, तेवढेच महिने ते घरी असायचे. "माझी पोरां माका पावसात भेटली," असं ते म्हणत. पण त्या भेटीतही शिडं शिवायची, दोर वळायचे आणि वर्षभराची झोप काढायची, यातून उरलेला वेळ मुलांच्या वाट्याला यायचा. म्हणजे येत नसेच. बाप घरी आला की आपण माजघरात लपून बसायचो, असं माझे यजमान सांगत. पुढे एका फेरीत शिडाची आडवी काठी पायावर कोसळली, गुडघा आखडला, आणि तांडेल कायमचे किनाऱ्यावर आले.

मी कुडाळकडची. लग्नाआधी फायनल पास झालेली, आणि मास्तरीण व्हायचं वेड डोक्यात घेऊनच सासरी आलेली. सासूबाई कुंदाला पाहून वर्षाच्या आतच गेल्या. यजमान मुंबईला एका कचेरीत कारकून, गावातल्या चार चाकरमान्यांबरोबर एका खोलीत राहणारे. अशात शेजारच्या वाडीतल्या शाळेवर माझी नेमणूक झाल्याचा हुकूम आला. मला आनंदाने काही सुचेना. गणपतीला आलेल्या यजमानांनी हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाले, "कर नोकरी. पण पोरीचे हाल होता कामा नयेत. झाले तर त्याच दिवशी सोडायची." मी कबूल केलं. पण मग पोरीला बघणार कोण? तेव्हा ओटीवर सुपारी कातरत बसलेले बाबा म्हणाले, "मी बघतलंय."

शेजारच्या काशीवयनी आरतीला आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. काशीवयनींची जीभ धारदार आणि मन लोण्यासारखं. "तांडेल, पोर म्हणजे गलबत न्हय हां, शीड वर केला काय चालला!"

"गलबतय तसा चलना नाय, वयनी," बाबा शांतपणे म्हणाले.

पहिले दिवस मात्र खरोखरच कठीण गेले. बाबांना हुकूम सोडायची सवय. "बस हय!" असं ते प्रेमानेच म्हणायचे, पण त्या आवाजाने कुंदा जी भोकाड पसरायची ती मला शाळेच्या वाटेवरच्या वळणापर्यंत ऐकू यायची. पाय मागे फिरायचे. संध्याकाळी परतले की आजोबा-नात दोघंही दमून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसलेली असत, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. "आज वादळ होता," एवढंच बाबा सांगत. एकदा मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाय, तुमी शाळेत बारक्यांका गप कशी बसवतास?" मी म्हटलं, "गप बसवत नाय आमी बाबा. तेंच्या हातांका काय तरी काम देतो." मग मी पहिलीच्या मुलांना चिंचोके वेगळे करायला देते, पानं जुळवायला लावते, ते सांगितलं. नव्या बंदराची माहिती घ्यावी तसे ते ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पुळणीवरच्या फेऱ्या सुरू झाल्या.

तिथून पुढचं सगळं त्यांचं स्वतःचं. आधी त्यांनी आवाज उतरवला. तो खणखणीत आवाज इतका मऊ झाला की काशीवयनींना वाटलं, तांडेलांचा घसा बसला. मग त्यांच्या ध्यानात आलं की कुंदाच्या हातात खेळणं दिलं की ती ते फेकते, आणि तेच तिच्या नकळत उंबऱ्याजवळ पडलेलं दिसलं की त्यावर झडप घालते. "खेळणा हातात देव नये, वाटेत ठेवचा," हे त्यांचं आवडतं वाक्य झालं. पुळणीवरून आणलेलं सामान ते कधी तुळशीच्या मागे, कधी पायरीवर, कधी पालथ्या टोपलीखाली ठेवून आपण सुपारी कातरत बसायचे, जणू आपला काही संबंधच नाही. कुंदाला शंख सापडला की तेही चकित व्हायचे. "अरे बापरे, ह्यो खंयसून इलो?" असं ते इतक्या खऱ्या चेहऱ्याने विचारायचे की मलाही क्षणभर वाटायचं, खरंच, कुठून आला असेल?

पोर रडायला लागलं तर काय करायचं, यावरही त्यांचं मत ठरून गेलं होतं. "वाऱ्यावांगडा भांडान गलबत जागचा हलना नाय. वारो बघूचो आनी शीड फिरवूचा." कुंदा चिडली की ते तिला समजावत नसत, रागावत तर नसतच. पोफळीची गळून पडलेली विरी, ते सुपारीच्या झाडाचं रुंद जाड पातं, ओढत आणायचे आणि तिच्यासमोरून रिकामंच फरफटत न्यायचे. तिसऱ्या खेपेला कुंदा रडत रडतच त्यावर जाऊन बसायची. मग आखडलेला पाय ओढत बाबा तिची मिरवणूक काढायचे, खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या माणसाने स्वतःच्या मुलाला कधी उचलून घेतलं नव्हतं तो माणूस भर दुपारी घामाघूम होऊन विरी ओढतोय, हे बघायला बाया विहिरीवर उगाच रेंगाळत.

यातूनच एक गंमत झाली. कुंदा चालायला लागली ती एक पाय ओढत. काशीवयनींनी कपाळावर हात मारून घेतला. पोरीला बाधा झाली म्हणाल्या, दृष्ट काढली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून आम्हा सगळ्यांना वैद्यांकडे नेलं. वैद्यबुवा ओसरीवर बसले होते. पुढे बाबा लंगडत येताहेत आणि त्यांचं बोट धरून मागे ही तश्शीच, हे बघून ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "औषध चेडवाक नको," ते म्हणाले, "तिच्या मास्तराक द्या." बाबांना राग यायला हवा होता. ते मात्र घरी येईपर्यंत छाती पुढे काढून चालत होते. नात आपल्यासारखं चालते, यापेक्षा मोठा मान त्यांना मिळायचा राहिला नव्हता.

पण आमच्या खळ्याच्या कडेला विहीर होती, आणि तिचा कठडा बुटका. पेज शिजवायला, पाणी काढायला बाबांना थोडा वेळ तरी नजर काढावी लागे. त्या वेळेपुरतं ते जुन्या लुगड्याची मऊ दोरी वळून कुंदाच्या कमरेला बांधत आणि दुसरं टोक पडवीच्या खांबाला. दोरीची लांबी अशी की सगळं खळं तिचं, विहीर मात्र नाही. "चेडवाक वासरासारख्या बांदतास?" काशीवयनी म्हणाल्या. "वादळात मी माकाय बांदून घेतलंय, वयनी. लाज कसली?" बाबा म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. चूक झाली ती दुसरीकडे, आणि ती तांडेलाच्या हातूनच व्हावी अशी होती. कुंदाला गाठींचा नाद लागला होता. बाबा सुंभाच्या तुकड्यांना सैलसर गाठी मारून वाटेत टाकायचे आणि ती तासन्‌तास जीभ बाहेर काढून त्या उकलत बसायची. तिला नेमकी कुठली गाठ साधली, तर होडी बांधायची, एक टोक ओढलं की सुटणारी गाठ. बाबांचा हात आयुष्यभर तीच गाठ मारत आलेला. कुंदाच्या कमरेलाही तीच.

शिमगा नुकताच संपला होता. दुपारी मी वर्गात बाराखडी म्हणून घेत होते, तेवढ्यात काशीवयनी धापा टाकत दारात आल्या. "कुंदा गावना नाय," एवढंच त्या बोलू शकल्या. मी कशी धावले ते मला आठवत नाही. वाडीतली माणसं जमली होती, एकाने विहिरीत गळ टाकला होता. खांबाशी नुसती दोरी पडली होती. बाबा दिसत नव्हते. ते एकटेच पुळणीकडे गेले होते, आणि तिथे पाण्याच्या कडेला ओढून ठेवलेल्या एका होडीत कुंदा त्यांना सापडली. भरतीचं पाणी होडीच्या बुडाला लागलं होतं आणि बाईसाहेब आत मांडी घालून नांगराच्या दोराची गाठ सोडवत बसल्या होत्या. मी पोचले तेव्हा बाबांनी तिला छातीशी धरलं होतं. आणि तरी ते त्या गाठीकडे बघत होते. "कमरेची गाठ सुटली नाय," ते म्हणाले, "तिनां सोडल्यान! अर्दी हीय सोडल्यान!" त्या आवाजात चक्क अभिमान होता.

माझा तोल गेला. "पोर गेली असती बाबा! आनी तुमका कवतिक सुचता?" सगळ्या गावासमोर मी सासऱ्यांना असं बोलले. घरी आल्यावर त्यांनी खांबाची दोरी सोडली, चुलीत घातली आणि ती जळून राख होईपर्यंत तिथेच बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी पेजेला हात लावला नाही.

नोकरी सोडायची हे माझ्या मनाने घेतलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची साडी नेसले नाही हे बघून बाबाच म्हणाले, "चूक माझी. शाळा कित्याक बंद? माका एकदा बघूनदे." आणि त्यांनी सगळी तऱ्हाच बदलली. माडाच्या चुडतांचं कुंपण विहिरीभोवती उभं केलं. शिंपल्यांची एक माळ करून कुंदाच्या पायात बांधली, ती चालली की खुळखुळ आवाज व्हायचा आणि बाबा पाठमोरे असले तरी त्यांना कळायचं. चूल त्यांनी खळ्यात आणली. आता ते काम करताना कुंदाला बाजूला ठेवत नव्हते, कामातच घेत होते. "अर्दा काम माझा, अर्दा तिचा." फणसाच्या आठळ्या सोलायच्या तर तिच्यापुढे चार, तांदूळ निवडायचे तर तिच्यापुढे मूठभर, अंगण शिंपायचं तर तिच्या हातात करवंटी. कामाला दुप्पट वेळ लागायचा. बाबांना कुठे बंदर गाठायचं होतं?

पण शिमग्याला आलेले चाकरमानी परत गेले आणि होडीतली बातमी त्यांच्याबरोबर मुंबईला पोचली. पोचेपर्यंत होडी समुद्रात दूरवर गेली होती म्हणे. चैत्रात यजमान बोटीने आले. बोटीवरून धक्क्यापर्यंत आणणाऱ्या छोट्या पडावातून उतरताना त्यांचा चेहरा बघूनच मी समजले. घरी आल्यावर पाय धुतले, कुंदाला मांडीवर घेतलं, आणि म्हणाले, "मी खोली बघितलंय. बोट परत जायत तेव्हा तुमी दोघी माझ्यावांगडा." बाबांनी मान हलवली. "बरा," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन रडले. माझी शाळा सुटणार होतीच, पण त्याहून जास्त मला दिसत होतं ते रिकामं खळं आणि त्यात बसलेले बाबा.

बोटीला अजून अवकाश होता. शाळा तेव्हा सकाळची भरत होती. मी जात राहिले, आणि यजमान ओटीवर बसून राहिले. बापलेकांत बोलणं असं नव्हतंच. एके दिवशी शाळेतून परतताना मी कुंपणाशी आले आणि तिथेच थांबले. खळ्यात बाबा आणि कुंदा पाण्याची घमेली मध्ये घेऊन बसले होते. तिच्या हातात करवंटी होती, डोळ्याला भोक पडलेली. ती पाणी भरायची, पाणी गळून जायचं, ती आत बघायची, पुन्हा भरायची. यजमान ओटीवरून उतरून जवळ येऊन उभे होते. त्यांना राहवेना. "अगो, भोक आसा त्येका, असा धर..." म्हणत ते वाकले. बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. तिका गावांदे."

दोघं तसेच राहिले, एकाचं मनगट दुसऱ्याच्या हातात. कुंदाने करवंटी उलटी केली, भोकातून आजोबांकडे बघितलं, पुन्हा पाणी भरलं. आणि मग कशी कोण जाणे, तिची इवलीशी तर्जनी त्या भोकावर जाऊन बसली. पाणी राहिलं. तिने वर बघितलं. तिचा तो चेहरा मी आजही विसरलेले नाही. ती खदखदून हसली, यजमानही मोठ्याने हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "माझ्यावांगडा तुमी कधी असे खेळलास नाय."

बाबांनी त्यांचं मनगट सोडलं. मग म्हणाले, "माका तेव्हा खेळूक येय नव्हता रे वसंता. शिकवणारो तू होतंस, आनी मी दर्यात."

बाबांनी बाजूच्या ढिगातून एक करवंटी निवडली आणि मुलाच्या पुढे सरकवली. "घे. ह्येका दोन भोका आसत." मुंबईहून इस्त्री करून आणलेली विजार घालून माझे यजमान त्या चिखलात खाली बसले. दोन भोकांवर दोन बोटं ठेवून त्यांनी पाणी भरलं, आणि ते बाबांना दाखवलं. कुंदाला नाही, बाबांना. बाबा म्हणाले, "शाबास." मी कुंपणाबाहेर उभी राहून पदराने डोळे पुसत होते, आणि मला त्या लंगड्या, खारवलेल्या, अंगठेबहाद्दर म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की हाक मारून सगळ्या वाडीला बोलवावं.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. कुंदा शाळेत जायला लागल्यावर लावणीच्या दिवसांत काशीवयनींनी आपला नातू गुपचूप आमच्या खळ्यात आणून सोडला. मग दुसऱ्या घरचा आला, मग तिसऱ्या. बाया शेतात निर्धास्त वाकून रोपं लावायच्या आणि म्हणायच्या, "पोरां तांडेलाकडे आसत." ते गेले त्या दिवशी त्यांना खांदा द्यायला पुढे झालेल्या तरण्या पोरांतले कितीतरी जण त्यांच्या विरीवर बसून मिरवलेले होते. त्यातल्या कुणाला ते खेळ आठवत असतील असं नाही. त्या वयातलं काही आठवत नाही माणसाला, ते नुसतं अंगात राहतं.

त्या चैत्रात बोटीचा दिवस आला तेव्हा माझी ट्रंक भरून तयार होती. यजमान सकाळी लवकर उठले, स्वतःची पिशवी उचलली, ट्रंकेकडे बघितलंही नाही. त्यांना पोचवायला आम्ही सगळेच धक्क्यावर गेलो. बाबा आणि कुंदा थोड्या अंतरावर उभे होते, दोघंही एका पायावर भार देऊन. यजमान पडावात चढायला निघाले, परत फिरले, आणि बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाले,

"नोकरी सोडू नको हां तू. बाबांचा काम जायत."